वर्ल्डकप २०२६: दावेदार कोण, 'आमच्या काळी' कोण भारी होतं आणि या वादात मराठवाड्याचं हैदराबाद कनेक्शन काय?

फुटबॉल वर्ल्डकप जवळ आला की जालन्यासारख्या क्रिकेटवेड्या शहरातही एक वेगळी जमात जागी होते. एरवी आयपीएलचे स्कोअर टाकणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अचानक अर्जेंटिनाचे झेंडे दिसू लागतात. कुणीतरी ब्राझीलचा पिवळा टी-शर्ट घालून डीपी बदलतो. मग वाद सुरू होतो. पहिला प्रश्न असतो, यंदा कोण जिंकणार? दहा-पंधरा मेसेजनंतर गाडी दुसऱ्या रुळावर जाते. मॅराडोना मोठा की मेस्सी? २००२ चा ब्राझील आजच्या स्पेनला हरवेल का? आणि शेवटी ग्रुपमधला सगळ्यात ज्येष्ठ मेंबर लिहितो, 'तुम्ही पाहिलंच काय? खरा फुटबॉल आमच्या काळी होता.'

हा वाद मिटवणं आमच्या हातात नाही. पण तो घालताना हाताशी काय असावं, ते सांगता येईल. आणि 'आमच्या काळी'चा एक धडा मराठवाड्यातल्या वाचकाच्या अगदी जवळचा आहे. तो या वादात कधीच येत नाही. त्याकडे शेवटी येऊच.

आधी यंदाचं गणित समजून घ्या

११ जून ते १९ जुलै २०२६. यजमान तीन देश: अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको. संघ ३२ वरून थेट ४८. चार-चार संघांचे १२ गट, एकूण १०४ सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जाणार आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या १२ संघांपैकी सर्वोत्तम आठ संघांनाही संधी मिळणार. म्हणजे बाद फेरी ३२ संघांपासून सुरू होईल.

याचा अर्थ काय? मोठ्या संघांसाठी गट फेरी आता जवळपास सराव आहे. एक सामना हरूनही पुढे जाता येईल. पण ट्रॉफी उचलायची तर आता सातऐवजी आठ सामने खेळावे लागतील. त्यातले पाच 'हरलात तर घरी' असे. एक बाद फेरी वाढली, म्हणजे पेनल्टी शूटआउटमध्ये पाय घसरण्याची एक संधीही वाढली. त्यामुळे फक्त पहिले अकरा खेळाडू भारी असून भागणार नाही. बाकावर बसलेले कोण आहेत, हे यंदा जास्त महत्त्वाचं.

शिवाय उन्हाळा. अमेरिकेतल्या जून-जुलैच्या उकाड्यामुळे फिफाने प्रत्येक सामन्यात दोन्ही हाफमध्ये तीन-तीन मिनिटांचा पाणी ब्रेक ठेवला आहे. म्हणजे सामना दोनऐवजी चार तुकड्यांत होणार आणि कोचला डाव बदलायला दोन जास्तीच्या संधी मिळणार. जालन्याच्या मे महिन्यात दुपारी दोनला मैदानावर उतरलेल्या कुणालाही या ब्रेकचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दावेदार कोण?

सगळ्यात वरचं नाव स्पेन. २०२४ च्या युरो फायनलमध्ये त्यांनी इंग्लंडला २-१ ने हरवलं. त्या संघातल्या लामिन यमालचा १७ वा वाढदिवस फायनलच्या आदल्या दिवशी होता. यंदा १३ जुलैला तो १९ वर्षांचा होईल, फायनलच्या सहा दिवस आधी. पण स्पेनच्या चाहत्यांनी एक गोष्ट विसरू नये. २०१० मध्ये जिंकल्यापासून वर्ल्डकपमध्ये त्यांची गाडी पुढे सरकलेलीच नाही. २०१४ मध्ये गटातच बाहेर. २०१८ मध्ये रशियाकडून आणि २०२२ मध्ये मोरोक्कोकडून पेनल्टीवर पराभव. २०२५ च्या नेशन्स लीग फायनलमध्येही पोर्तुगालने त्यांना पेनल्टीवरच हरवलं. बॉल दिवसभर पायात ठेवायचा आणि शेवटी पेनल्टीवर हरायचं, ही त्यांची जुनी खोड आहे.

अर्जेंटिना गतविजेता. २०२१ ची कोपा अमेरिका, २०२२ चा वर्ल्डकप, २०२४ ची पुन्हा कोपा. दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत पहिला क्रमांक आणि मार्च २०२५ मध्ये ब्राझीलला ४-१ असं धुतलं. मेस्सी खेळला तर २४ जूनला तो ३९ वर्षांचा होईल. पण इतिहास त्यांच्या विरोधात आहे. लागोपाठ दोन वर्ल्डकप फक्त दोनच देशांनी जिंकलेत, इटलीने १९३४ आणि १९३८ ला, ब्राझीलने १९५८ आणि १९६२ ला. त्यानंतर कुणालाही जमलेलं नाही.

ड्रॉमधली एक बाब इथे लक्षात ठेवा. स्पेन आणि अर्जेंटिना आपापल्या गटात पहिले आले तर फायनलआधी ते समोरासमोर येणार नाहीत. फिफाने ड्रॉच तसा आखला आहे. फ्रान्स आणि इंग्लंडलाही याच पद्धतीने वेगळं ठेवलंय, म्हणजे हे चौघे सेमीफायनलपर्यंत एकमेकांना टाळू शकतात.

फ्रान्स मागच्या दोन्ही फायनल खेळला. २०१८ मध्ये जिंकला, २०२२ मध्ये ३-३ नंतर पेनल्टीवर हरला. त्या फायनलमध्ये एमबापेने हॅटट्रिक केली आणि तरीही तो हरलेल्या बाजूला उभा होता. इंग्लंडने पात्रता फेरीतले आठच्या आठ सामने जिंकले आणि एकही गोल खाल्ला नाही. तरी इंग्लंडला कागदावर भारी म्हणताना जरा थांबावं. १९६६ नंतर कागद त्यांच्या कामी आलेला नाही.

ब्राझील? सगळ्यात जास्त पाच वर्ल्डकप त्यांच्याकडे, पण यावेळी दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत पाचवा क्रमांक. कोच म्हणून त्यांनी इटलीच्या कार्लो अँचेलोटींना आणलं. इंग्लंडचा कोच थॉमस टुखेल जर्मन आहे. आता हे ऐका: आजवर झालेल्या २२ पैकी एकही वर्ल्डकप परदेशी कोच असलेल्या देशाने जिंकलेला नाही. हा नियम नाही, योगायोग असू शकतो. पण ग्रुपवर टाकायला चांगला आहे.

आणखी एक आकडा युरोपच्या चाहत्यांसाठी. अमेरिका खंडांत आतापर्यंत आठ वर्ल्डकप झाले. त्यातले सात दक्षिण अमेरिकी देशांनी जिंकले. अपवाद एकच, २०१४ चा जर्मनी. माझा अंदाज विचाराल तर मी तरीही स्पेनच म्हणेन. आठ सामन्यांच्या स्पर्धेत बॉल आपल्याकडे ठेवणारा संघ कमी पळतो आणि उन्हाळ्यात कमी पळणं हेच मोठं भांडवल.

मग 'आमच्या काळी'चं काय?

कोण कोणाचा चाहता, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं. तुम्ही पहिला वर्ल्डकप कोणता पाहिला? आपल्याकडे कुणी ब्युनॉस आयर्समध्ये जन्माला आलेलं नाही. आपली निष्ठा टीव्हीने ठरवली.

१९८६ चा मेक्सिको वर्ल्डकप दूरदर्शनवर लाइव्ह दिसला. गल्लीत टीव्ही मोजके, सामने रात्री उशिरा आणि त्यात मॅराडोना. २२ जून १९८६ ला ॲझ्टेका स्टेडियमवर त्याने इंग्लंडविरुद्ध एक गोल हाताने केला आणि चार मिनिटांनी अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत दुसरा. आज पन्नाशी-साठीत असलेला अर्जेंटिनाचा चाहता बहुतेक त्या रात्रीचा आहे. त्याला मेस्सी आवडतो, पण मुलासारखा. देव एकच.

२००२ वाले वेगळे. तो वर्ल्डकप जपान आणि कोरियात झाला, म्हणून सामने आपल्याकडे दिवसाढवळ्या होते. ३० जूनची फायनल तर रविवारी दुपारी साडेचारला. झोपमोड नाही, घरच्यांची बोलणी नाहीत. रोनाल्डोचे दोन गोल, रोनाल्डिन्होचं हसू, रिव्हाल्डो, कार्लोस. आज पस्तीस-चाळिशीत असलेला ब्राझीलचा चाहता इथे तयार झाला आणि तेव्हापासून गेली २४ वर्षं वाट पाहतोय. गंमत म्हणजे १९७० नंतर पुढचा वर्ल्डकप जिंकायलाही ब्राझीलला बरोबर २४ वर्षंच लागली होती.

माझ्या वयाचे २०१० चे. शकिराचं 'वाका वाका', व्हुवुझेलाचा भोंगा आणि प्रत्येक अंदाज खरा ठरवणारा पॉल ऑक्टोपस. म्हणून आमच्यातले बरेच जण स्पेनवाले. आता कळलं ना, मघाचा माझा अंदाज कुठून आला.

हे मान्य केलं की काळांची तुलना जरा प्रामाणिकपणे करता येते. इंजिनिअरिंग केलंय, त्यामुळे आधी एकक बघायची सवय लागली आहे. दोन वेगळ्या एककांतले आकडे थेट लावता येत नाहीत. फुटबॉलमध्ये आपण तेच करतो.

उदाहरण घ्या. १९५८ मध्ये फ्रान्सच्या जुस्त फाँतेनने एका वर्ल्डकपमध्ये १३ गोल केले. २०२२ चा टॉप स्कोअरर एमबापे, आठ गोल. मग फाँतेन एमबापेच्या दीडपट मोठा का? १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये २६ सामन्यांत १४० गोल झाले होते, म्हणजे सामन्यामागे पाचच्या वर. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, म्हणजे तीनही नाहीत. मधल्या काळात बचाव हे एक शास्त्र झालं.

पण उलटंही खरं आहे. १९७० च्या आधी वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडू नव्हता आणि पिवळं-लाल कार्डही नव्हतं. १९६६ मध्ये पेलेला बल्गेरिया आणि पोर्तुगालच्या बचावपटूंनी अक्षरशः लाथा घालून जायबंदी केलं. पोर्तुगालविरुद्ध तो लंगडत मैदानात राहिला, कारण त्याच्या जागी दुसरा कुणी येऊच शकत नव्हता. आज तशा दोन टॅकल झाल्या तर व्हीएआर रूममधून रेफरीच्या कानात आवाज येईल आणि समोरचे दोघे ड्रेसिंग रूममध्ये असतील. १९९२ पर्यंत गोलकीपरला सहकाऱ्याने मागे दिलेला पास हातात घेता यायचा. आघाडी घेतली की मागे पास, हातात बॉल, वेळ खा. तो नियम बदलला आणि खेळाचा वेगच बदलला. आणि मॅराडोनाचा तो हाताने केलेला गोल आज वीस सेकंदही टिकला नसता.

म्हणून 'पेले आज खेळला असता तर' हा प्रश्नच अर्धा आहे. यमालला १९६६ च्या मैदानात उतरवून बघा, हाही त्याचाच दुसरा अर्धा भाग.

महाराष्ट्रात हा वाद टीव्हीशिवाय जगणारं शहर एकच, कोल्हापूर. तिथे 'आमच्या काळी' म्हणजे पेले-मॅराडोना नसतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ हे संघ असतात. पेठ, तालीम आणि संघ हे एकच. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्याला गर्दी होते, निकालानंतर मिरवणुका निघतात, कधी हाणामारीही होते. तिथल्या अनिकेत जाधवने २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्डकप भारताकडून खेळला. आपल्याला हा फरक बोचला पाहिजे. कोल्हापूरकर स्वतः पाहिलेल्या, कधी कधी स्वतः खेळलेल्या माणसांबद्दल भांडतो. आपण सात समुद्रापारच्या.

पण मराठवाड्याचाही एक काळ होता

आता तो न सांगितला जाणारा धडा.

जालन्यातून निघणारी जुनी रेल्वे एका बाजूला मनमाडला जाते, दुसऱ्या बाजूला हैदराबादच्या काचीगुड्याला. ती निजामाच्या राज्याची रेल्वे होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होतं. आणि नेमकी तीच वर्षं हैदराबादच्या फुटबॉलची सुवर्णवर्षं.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप व्हायचा. १८९१ पासून चालत आलेली, देशातल्या सगळ्यात मानाच्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद सिटी पोलिस संघाने ती लागोपाठ पाच वर्षं जिंकली, १९५० ते १९५४. त्या संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. अजय देवगणचा २०२४ मधला 'मैदान' पाहिला असेल तर हे नाव माहीत असेल. सिनेमाने जे सांगितलं नाही ते हे, की ज्या राज्याचा हा संघ होता, त्या राज्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे होते आणि जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे १९५२ साली जालन्यातल्या माणसाला 'तुझं राज्य फुटबॉलमध्ये कसं आहे?' असं कुणी विचारलं असतं, तर 'देशातल्या अव्वलांपैकी एक' हे खरं उत्तर होतं.

पुढचा योगायोग तारखांचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झालं. भारतीय संघाचे कोच हैदराबादचे रहीम. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध क्वार्टर फायनलमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि हॅटट्रिक केली मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. म्हणजे जुन्या राज्याचा कोच आणि नव्या राज्याचा स्ट्रायकर. मराठवाड्याने त्या दिवशी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला हरकत नव्हती.

सेमीफायनलमध्ये पहिला गोलही डिसूझांचाच, पण युगोस्लाव्हियाने नंतर ४-१ ने हरवलं. भारत चौथा आला.

सहा वर्षांनी, ४ सप्टेंबर १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांच्याच संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण जिंकलं. गटात याच कोरियाकडून भारत ०-२ ने हरला होता. स्टेडियम भारताच्या विरोधात होतं, कारण स्पर्धेतून इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरु दत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता आणि त्यावर इंडोनेशियात संताप होता. डोक्याला टाके असलेले बचावपटू जर्नेल सिंग यांना रहीम यांनी पुढे स्ट्रायकर म्हणून खेळवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल यांचा. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ ला कॅन्सरने रहीम यांचं निधन झालं. यंदाचा वर्ल्डकप बरोबर त्याच तारखेला सुरू होतोय.

इथेही 'आमच्या काळी'चा चष्मा काढून बघू. १९५६ च्या त्या ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये फक्त ११ संघ उतरले होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नाही. म्हणजे एक सामना जिंकून चौथा क्रमांक. १९६२ ला आशियातले बरेच देश फुटबॉलमध्ये अजून उभेच राहत होते. तेव्हाचा भारत जगात चौथा होता, असं म्हणणं ही अतिशयोक्ती. पण आशियात पहिला होता, हे खरं.

आज? २०२६ च्या वर्ल्डकपसाठी आशियाच्या थेट जागा आठ झाल्या. इतक्या जागा याआधी कधीच नव्हत्या. तरी भारत पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने आपल्याला २-१ ने हरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१, २००३ नंतर पहिल्यांदाच. २०२७ च्या आशिया कपमध्येही आपण नसू. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम तर व्यावसायिक करारावरून रखडला.

त्याच वेळी पहिल्यांदा पात्र ठरलेले देश बघा: जॉर्डन, उझबेकिस्तान, केप व्हर्दे आणि क्युरासाओ. या कॅरिबियन बेटाची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या जालना शहराची २ लाख ८५ हजार होती. अर्धं जालना वर्ल्डकप खेळतंय, असं समजा.

हे पोस्टर ग्रुपवर फिरवण्याआधी दुसरी बाजूही वाचा. क्युरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथल्याच अकादमींत घडलेले आहेत. बेट छोटं, पण कारखाना मोठा. भारताला हा मार्ग सोपा नाही, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ते केलं, पण असे किती जण करतील? उरतो घरचा मार्ग. त्यासाठी महाराष्ट्र सरकारने १३ वर्षांखालील मुला-मुलींसाठी 'प्रोजेक्ट महादेवा' सुरू केलाय. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा त्याच कार्यक्रमात तो मांडला गेला. आज बाराव्या वर्षात असलेली मुलगी २०३४ ला वीस वर्षांची असेल. मेस्सीसोबतचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या मुलांना पाचव्या वर्षीही मैदान आणि कोच मिळतोय का, हे बघायला तेवढेच कॅमेरे लागतील.

रात्री कधी जागायचं?

उद्घाटनाचा सामना मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, ॲझ्टेका स्टेडियमवर. १९७० ला पेले आणि १९८६ ला मॅराडोनाने कप उचलला तेच मैदान आणि तीन वर्ल्डकप पाहणारं जगातलं पहिलं. भारतीय वेळेनुसार ११ जूनच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे शुक्रवार १२ जूनला रात्री १२:३० वाजता.

ब्राझील विरुद्ध मोरोक्को १४ जूनला पहाटे ३:३० वाजता. ब्राझीलवाल्यांनो, २००२ ची दुपार विसरा.

फायनल न्यू जर्सीत. आपल्याकडे सोमवार, २० जुलै, रात्री १२:३०. सकाळी ऑफिस आहे, हे आत्ताच लिहून ठेवा.

आणि एक सामना असा, ज्यासाठी अलार्मची गरज नाही. अर्जेंटिना विरुद्ध ऑस्ट्रिया, सोमवार, २२ जून, रात्री १०:३०. मॅराडोनाच्या त्या दोन गोलांना त्या दिवशी बरोबर ४० वर्षं होतील. ग्रुपमधल्या ज्येष्ठ मेंबरला त्या रात्री टीव्हीसमोरची पुढची खुर्ची द्या.